मशिदीवरून गेलेली हातगाडी

आमच्या घरी शनिवार शुक्रवारी दुपारीच सुरू व्हायचा. आई हॉस्पिटलातून त्या दिवशी लवकर यायची, पदर खोचून नारळ फोडायची, आणि पाट्यावर वाटण सुरू झालं की त्या घरघरीने आळीतल्या मांजरांनासुद्धा कळायचं, एस्तेरबाईंकडे आज बांगड्याचं कालवण आहे. चेंदणीची कोळीण आमच्या ओट्यावर पाटी उतरवायची. "तुमची खवल्याची येगली ठेवलीय गो बाय," म्हणायची. बिनखवल्याची मासळी आमच्या धर्मात चालत नाही हे तिला तिच्या सासूपासून ठाऊक होतं. कोळंबी ती पाटीच्या तळाशी झाकून ठेवायची, जणू तिच्याकडे नुसतं बघितलं तरी आम्ही बाटणार होतो.

आम्ही ज्यू. ठाण्यात लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. आमच्या प्रार्थनामंदिराला आम्ही मशीदच म्हणायचो. नव्या माणसाचा त्यामुळे घोटाळा व्हायचा आणि आम्हा मुलांना त्याची भारी गंमत वाटायची. घर टेंभी नाक्यामागच्या एका आळीत, कौलारू, पुढे ऐसपैस ओटा. घरात आई, बाबा, मी आणि शालोममामा. बाबा रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचे आणि घरी इतकं कमी बोलायचे की शुक्रवारी संध्याकाळी, भिजवलेल्या मनुकांच्या सरबताचा पेला हातात धरून ते प्रार्थना म्हणायला लागले की मला दर वेळी वाटायचं, अरे, बाबांना आवाज आहे की! काचेच्या दिव्यात खोबरेल जळत असायचं, आणि बाबांच्या प्रार्थनेत मामा आपला सूर मिसळायचा.

शालोममामा आईपेक्षा पुष्कळ लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा आईने त्याला वाढवलं, लग्न झाल्यावर सोबत घेऊन आली. सुतारकामात त्याचा हात असा की त्याने केलेली खुर्ची आजही माझ्याखाली आहे आणि कुरकुरत नाही. त्या दिवसांत त्याला एकच ध्यास होता, इस्राएलला जायचं. आळीत तीन-चार घरांनी नव्या ट्रंका आणल्या होत्या. मामा मुंबईला जाऊन हिब्रू शिकून यायचा आणि रंधा मारता मारता शब्द घोकायचा. मी एकदा विचारलं, "मामा, इथं काय वाईट आहे रे?" तो म्हणाला, "वाईट काही नाही. पण दर नव्या माणसाला मी आधी कोण ते समजावून सांगायचं आणि मग बोलायला लागायचं, याचा मला कंटाळा आलाय. तिथं शालोम म्हटलं की पुरे." मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते आणि माझ्या नावावरून मला रोज तेच सोसावं लागायचं. मला ते पटलं होतं.

आईची बदली याच सुमारास कॅम्पात झाली. फाळणीनंतर कल्याणच्या पुढे लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आणून ठेवले होते. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी संसार. आई तिथं बाळंतपणं करायची. घरी आली की मागच्या दारीच कढत पाण्याने आंघोळ करून मग स्वयंपाकघरात पाऊल टाकायची, तरी तिच्या केसांना फिनेलचा वास राहायचाच. चपात्या लाटताना ती तिथल्या बायकांच्या गोष्टी सांगायची. त्यांतली मोहिनी मला न बघताच ओळखीची झाली. सिंधातल्या सक्करकडची, वयाने माझ्याहून थोडीच मोठी. कळा देताना ती आईचा हात धरून एकच विचारत राहिली, "भैंस बंधी रह गई, सिस्टर. किसी ने खोली होगी ना?" घाईत घर सोडताना गोठ्यातली म्हैस सोडायची राहिली होती. मुलगी झाली, सुखरूप झाली, तरी मोहिनीचा प्रश्न सुटेना. आई सांगायची आणि लाटणं थांबायचं.

एका शुक्रवारी मामा मुंबईहून खुशीत आला. ताटावर बसताच म्हणाला, "ताई, तिथं घरं तयार आहेत. दगडी. अंगणात द्राक्षाचे वेल. जाऊन नुसतं राहायचं."

आईने त्याच्या पानात मासा वाढला. "कुणी बांधली?"

"म्हणजे?"

"द्राक्षाचा वेल काय आठवड्यात चढतो? कुणाची घरं आहेत ती?"

मामा घास कालवायला लागला. "अरब राहत होते. लढाई झाली, पळाले ते."

"माझी मोहिनीही पळूनच आली," आई म्हणाली. "तिच्या घरात आज जो राहत असेल त्यालाही कुणीतरी असंच सांगितलं असेल, घर तयार आहे म्हणून."

मामाने ताट सरकवलं. "आपल्या लोकांना भट्टीत जाळलं, ताई. कुणी दार उघडलं नाही त्यांना. आणि तुला अरबांचा कळवळा?"

"त्यांच्यासाठी मी तुझ्यापेक्षा कमी रडलेली नाही. पण जाळलं कुणी आणि घर गेलं कुणाचं? याचा तरी हिशेब लागतोय का तुला?"

"जेवा," बाबा म्हणाले. त्या शुक्रवारी ते प्रार्थनेव्यतिरिक्त तेवढंच बोलले.

त्यानंतर काही दिवसांनी टांग्यातून कर्णा फिरला. पॅलेस्टाइनच्या निर्वासितांसाठी तलावाकाठच्या मैदानात सभा आहे, थंडीत माणसं तंबूत पडलीत, पांघरुणं जमवायची आहेत. सभा बोलावली होती नौपाड्याच्या कर्णिक वकिलांनी. सज्जन माणूस, त्यांच्या दोन्ही मुलांची बाळंतपणं आईनेच केलेली. आई म्हणाली, "मी जाणार." बाबांनी चष्मा पुसला. "जा. पण आपल्या लोकांबद्दल काही वाकडं बोलले तर?"

"तर ऐकून घेईन."

तिने ऐकून घेतलं नाही.

बायकांसाठी एका बाजूला जाजम घातलं होतं, तिथं आम्ही दोघी बसलो. कर्णिक वकील चांगलं बोलले. उघड्यावर राहिलेली पोरं, पाण्यासाठी रांगा, परत गावाकडे जायला निघाले तर अडवणाऱ्या बंदुका. आई मान हलवत होती. मग मुंबईहून आलेले एक पाहुणे उठले. त्यांचा आवाज मोठा, हातवारे त्याहून मोठे. बोलता बोलता ते म्हणाले, "ही यहुद्यांची जातच अशी! जिथं जाईल तिथं दुसऱ्याचं गिळेल. तुमच्या या ठाण्यातही आहेत म्हणे. सांभाळून राहा!" टाळ्या पडल्या. माझे कान तापले. आमच्या शेजारच्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. मी आईचा हात धरायला गेले, तर हात तिथं नव्हता. आई उभी होती.

"वकीलसाहेब, मला बोलायचंय."

"खाली बसा हो बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. कर्णिक वकिलांनी मात्र पाहुण्यांना हाताने थांबवलं आणि म्हणाले, "या सिस्टर. वर या."

नर्सच्या पांढऱ्या पातळात आई त्या लाकडी मंचावर चढली. ती कधी कुठं बोललेली नव्हती.

"मी ज्यू आहे," ती म्हणाली. "या गावात इतकी वर्षं बाळंतपणं करतेय. समोर बसलेल्यांत कितीतरी जणांना पहिली चापट मारून मीच रडवलंय. तेव्हा मला तुमची भीती वाटायचं कारण नाही." लोक हसले. ती हसली नाही. "हे पाहुणे म्हणाले ती जात माझी. मी कुणाचं गिळलेलं नाही. माझ्या जातीला शिव्या घालून तिकडच्या एका पोराच्या अंगावर पांघरूण पडणार नाही. पण मी त्यांना गप्प बसवायला उठलेली नाही. त्या माणसांवर अन्याय झालाय. तो माझ्या लोकांच्या नावाने झालाय, म्हणून मी तो तुमच्यापेक्षा मोठ्याने सांगणार. घरं त्यांची आहेत. त्यांना परत जाता आलं पाहिजे. इथं कॅम्पात एक पोरगी रोज मला विचारते, माझी म्हैस कुणी सोडली असेल का? तिकडच्या तंबूतही कुणी आपल्या शेळीचं, आपल्या झाडाचं असंच विचारत असेल. त्यांना उत्तर द्यायला कुणी नको?" ती थांबली. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "उद्यापासून पांघरुणं माझ्या ओट्यावर आणून द्या. ज्यू बाईच्या ओट्यावर. ज्यांना सांभाळून राहायचंय त्यांनी लांबून टाका."

मग मागे बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळं मैदान उभं राहिलं. पाहुणे पाणी पीत होते. परत येताना आई इतकी भरभर चालली की मला धावावं लागलं. आळीच्या कोपऱ्यावर मात्र तिने माझ्या खांद्यावर भार टाकला. "चल," ती म्हणाली, "भाकऱ्या टाकायच्यात अजून."

परवा नातीने मोबाइलवर मला चित्रं दाखवली. परदेशात कुठल्याशा शहरात ज्यू पोरं-पोरी पॅलेस्टाइनच्या बाजूने रस्त्यात बसलीत, हातात फलक, पोलीस त्यांना उचलून नेताहेत. "आजी, बघ ना, ज्यू असून!" ती म्हणाली. "असून नाही गं," मी म्हटलं, "म्हणूनच." आणि तिला या मैदानाची गोष्ट सांगितली. तिला खरी वाटेना. मैदानच उरलेलं नाही, त्याला मी काय करू?

सभेची बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. मामा ओट्यावर बसला होता. "चारचौघांत आपली लाज काढलीस, ताई."

"काढली नाही. राखली."

तो त्या दिवशी जेवला नाही. ओट्यावर मात्र दुसऱ्या दिवसापासून गोधड्या, घोंगड्या, जुनी ब्लँकेटं येऊन पडायला लागली. नौपाड्यातून आली, राबोडीतून आली, कळव्याहून आगरी बायका डोक्यावरून घेऊन आल्या. आमच्या आळीतून एकही आली नाही. मी पाण्याला गेले की नळावर बोलणं थांबायचं. माझ्या बरोबरीच्या मुली माझ्याकडे पाठ फिरवायच्या. मला रडू यायच्याऐवजी राग यायचा, आणि रागाने मी हंडा जास्तच काठोकाठ भरून घ्यायची.

रविवारी मुकादम आले. मशिदीचे मुकादम म्हणजे आमच्या जमातीचे मुख्य. हे बिन्यामीनकाका वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. आईने सरबत पुढे केलं, ते त्यांनी तसंच ठेवलं.

"एस्तेर, आपण मूठभर माणसं. आपलंच माणूस आपल्याविरुद्ध बोललं तर लोक काय म्हणतील? येत्या शनिवारी मशिदीत सांग, मला भरीला घातलं, चूक झाली. विषय मिटेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "शालोमला तिकडे जायला जमातीची शिफारस लागते. पंच नाराज आहेत. मी तरी काय करू?"

आईचा चेहरा उतरला. मंचावर उभी राहिलेली बाई ती हीच का, असं मला वाटलं. मामाला तिने कडेवर वाढवलं होतं. त्याचं जाणं तिला नको होतं, पण तिच्यामुळे त्याचं जाणं अडावं हेही तिला सोसण्यासारखं नव्हतं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या पडवीतला रंधा थांबला. मामा आत आला, केसांत लाकडाचा भुसा.

"मुकादमसाहेब," तो म्हणाला, "ताईचं मला पटत नाही. रोज भांडतो मी तिच्याशी. पण तिला माफी मागायला लावून मिळणारी शिफारस मला नको. तिथं गेल्यावर काय सांगू? बहिणीला मान खाली घालायला लावून आलो?"

मुकादम उठले. "म्हणजे दोघंही तसलीच," एवढं म्हणून गेले. मामा पडवीत परतला आणि रंध्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा मोठा.

शनिवारी आई तिची जांभळी रेशमी साडी नेसली, सणाची. आम्ही मशिदीत गेलो. बायका वर माडीवर बसतात, पुरुष खाली. आम्ही बाकावर बसलो तशा दोन्हीकडच्या बायका उठून मागे गेल्या. आई अख्ख्या बाकावर ऐसपैस सरकून बसली. "बरं झालं," मला म्हणाली, "पाय मोकळे झाले." प्रार्थना अर्ध्यावर आली तेव्हा मुकादमांनी खालून वर पाहिलं. "एस्तेरबाईंना काही सांगायचंय."

हा सापळा होता. आई कठड्याला धरून उभी राहिली. "मला सांगायचं होतं ते मी मैदानात सांगितलं. देवाच्या घरात वेगळं सांगू? दर वर्षी आपण मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट सांगतो. ज्यांना ती फक्त आपल्यापुरती आठवते, त्यांनी खुशाल माझ्याशी बोलू नये."

"बसा खाली!" खालून दोघातिघांचा आवाज आला.

तेव्हा बाबा उठले. घरात ज्यांचा आवाज आठवड्यातून एकदा ऐकू यायचा ते माझे बाबा, डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, "ती बसणार नाही. मीही बसणार नाही." आणि उरलेली सबंध प्रार्थना ते उभे राहिले, जिथं सगळे बसतात तिथंही. वर आई उभी, तिच्याजवळ मी उभी. माझ्या पोटऱ्या भरून आल्या, तरी त्या सकाळी मला जे वाटलं ते पुढे आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं. आम्हाला कुणी बसवू शकत नव्हतं.

पांघरुणं मुंबईला पाठवायचा दिवस ठरला. त्या सकाळी ओट्यापुढे एक पोरगी येऊन उभी राहिली, कडेवर तान्हं, मागे कॅम्पातल्या तीन बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर गाठोडं. मी न सांगता ओळखलं. मोहिनीने गाठोडं सोडलं. आत सरकारने त्यांना दिलेली करडी ब्लँकेटं. "ज़्यादा हैं हमारे पास," ती म्हणाली. जास्त नव्हती, बराकीत ती कमीच पडत होती हे आईइतकं कुणाला ठाऊक? आई म्हणाली, "नहीं मोहिनी, तेरी बच्ची को लगेगा."

मोहिनीचे डोळे चमकले. "सब छिन गया, सिस्टर. अब देने का हक़ भी छीनोगी?"

आईने ब्लँकेटं घेतली. उलगडून पुन्हा नीट घडी घातली आणि ओट्यापुढच्या हातगाडीत सगळ्यांत वर ठेवली.

हातगाडी शिगोशीग भरली. स्टेशनचा सरळ रस्ता तलावावरून. हमाल दांडी उचलणार, तर आई म्हणाली, "मशिदीवरून."

"लांब पडेल, बाई."

"पडू दे."

हमालाने डोकं खाजवलं. तेवढ्यात मामा पडवीतून आला, बाह्या वर सारल्या आणि दांडीला त्याच्या जोडीने हात लावला. आई त्याच्याकडे बघत राहिली. "बघू नकोस," तो म्हणाला. "मी फक्त तुझी गाडी ओढतोय. माझं मत होतं तेच आहे." मागून, तान्हं सोबतिणीकडे देऊन, मोहिनी, मी आणि बाबा ढकलायला. आई पुढे चालत होती, जांभळी साडी नेसून, भर उन्हात.

आळीत दारं उघडली होती. चाकं दगडांवर खडखडत होती आणि मला तो आवाज बँडबाजासारखा वाटत होता. मशिदीच्या फाटकापुढे आलो, तर समोरच्या घराच्या पायऱ्या उतरून सेगुलाबाई आल्या, मुकादमांची म्हातारी आई. दम लागलेला, बगलेत गोधडी. गाडी थांबली. त्यांना ती वर फेकता येईना, तेव्हा मामानेच हात दिला.

"बिन्यामीनला कुणीतरी सांगा," म्हातारी आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्याच्या आईने टाकलीय म्हणावं. त्याला माफी मागायला लावायचीच असेल तर मी घरीच आहे."

कुणीतरी हसलं. एका खिडकीतून एक चादर आली, मग कुठून तरी एक शाल. आळीतून फार नाही, पण आली. सगळी आळी काही आमच्याशी बोलायला लागली नाही. काही घरं तर ट्रंका भरून जाईपर्यंत बोलली नाहीत. आईला त्याचं वाईट वाटायचं, ती ते लपवायची नाही. पण कर्णिक वकिलांच्या पुढच्या प्रत्येक सभेला ती गेली, मंचावर बसली, आणि ते पाहुणे पुन्हा कधी बोलावले गेले नाहीत.

मामाची शिफारस महिन्या-दोन महिन्यांनी आली. सेगुलाबाईंनी घरात काय केलं असेल ते असो. आम्ही त्याला सांताक्रूझला विमानावर पोचवायला गेलो. आईने डबा दिला. दोघांचं भांडण मिटलेलं नव्हतं आणि मिटल्याचं सोंग दोघांनीही केलं नाही. "जा," आई म्हणाली, "पण डोळे उघडे ठेव." तो तिच्या पाया पडला आणि मागे न बघता गेला.

पाचसहा वर्षांनी तो एकदा आला. केस पिकलेले, हाताला घट्टे, चेहरा रापलेला. माझं लग्न झालं होतं, मी बाळंतपणाला माहेरी होते. आईने कालवण केलं होतं. तो हळूहळू जेवत होता, आणि मधेच म्हणाला, "मला दाखवलं होतं घर. दगडी. अंगणात वेल."

आईचा वाढता हात थांबला.

"मी त्या कारकुनाला विचारलं, कुणाचं आहे? तो म्हणाला, तुझं. मी म्हटलं, माझ्या आधी कुणाचं? तो हसला. म्हणाला, हिंदुस्थानातून आलास आणि चौकशा करतोस? घे, नाहीतर पत्र्याच्या झोपड्यांत जा." मामाने पाण्याचा घोट घेतला. "फळीवर एक चहाचा पेला होता, ताई. पालथा घातलेला, धुऊन. मला तिथं ट्रंक टेकवता आली नाही. मी पत्र्याच्या झोपडीत गेलो. आता सुट्टीच्या दिवशी आम्ही पाचदहा जण चौकात फलक घेऊन उभे राहतो. त्यांना परत येऊ द्या म्हणून. लोक थुंकतात. गद्दार म्हणतात."

"आणि तू?"

"मी उभा राहतो."

मग आईने विचारलं, "पत्र्याच्या झोपडीत पावसाचं गळायचं का रे?"

"धो धो गळायचं."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि त्याच्या पानात आणखी एक मासा वाढला.